चाकांवरचे घर, चिलिकेचा काठ

‘तुम्ही सगळे जाऊन या, मी घर सांभाळते.’ सहलीचा विषय निघाला की घरातल्या आजी हे वाक्य हमखास म्हणतात, आणि आपणही ते खरे मानून बॅगा भरायला लागतो. माझ्या थोरल्या बहिणीच्या सासूबाई गेली सहा वर्षे हेच म्हणत होत्या. ताईचे बिऱ्हाड कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये. भाऊजी तिथल्या एका संगणक कंपनीत, भाची बारा वर्षांची, भाचा आठ. सासूबाई मूळच्या नागपूरच्या, वय त्र्याहत्तर, गुडघे दुखरे, मधुमेह जुना. सहा वर्षांत त्यांनी बंगालमध्ये पाहिले काय, तर दक्षिणेश्वर, कालीघाट आणि घराजवळचे इको पार्क.

गेल्या ऑक्टोबरात मी तिकडे गेले होते, तेव्हा इको पार्कच्या तळ्याकाठीच मला खरे कारण कळले. 2012 च्या डिसेंबरात सुरू झालेली ही बाग चांगली 480 एकरांवर पसरली आहे आणि त्यात 104 एकर नुसते पाणी आहे. संध्याकाळी त्या पाण्याकडे बघत बाकावर आम्ही दोघीच होतो. ‘तुम्ही का येत नाही हो सहलीला?’ मी विचारले. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ‘अगं, हौस मला नाही का? पण प्रवास म्हटला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद करावं लागतं. साखरेमुळे सारखं जावं लागतं, आणि रस्त्यातल्या त्या जागांमध्ये गुडघे वाकत नाहीत. हे काय मुलाला सांगू?’

वाचकहो, आपल्या किती घरांत सहलीचे हे खरे कारण असेल! हॉटेल कोणते, तिकिटे कधी काढायची, यावर आपण आठवडाभर चर्चा करतो. वाटेत आईला कुठे उतरवायचे, हा प्रश्न मात्र गाडी सुटल्यावर आठवतो.

रात्री जेवताना मी विषय काढला. सासूबाईंचे नाव न घेता, एवढी अक्कल मला होती. भाचीने लगेच मोटारहोमची चित्रे दाखवली. परदेशी चित्रपटांत आपण पाहतो तीच ही गाडी. आत झोपायला बाक, ओटा, छोटा फ्रिज, आणि मुख्य म्हणजे खुर्चीसारखे बसता येईल असे संडास. आपल्याकडे अशा गाड्या अजून मोजक्याच आहेत, पण आता मोठ्या शहरांतून भाड्याने मिळू लागल्या आहेत. बहुतेक ठिकाणी गाडीबरोबर चालक येतो. महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे वेगळे धोरण आणले.

सगळे खूष झाले, एक ताई सोडून. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘म्हणजे स्वयंपाकघर माझ्या पाठोपाठ येणार. मग मी घरीच काय वाईट आहे?’

क्षणभर कोणी बोलेना. पण तिचे म्हणणे अगदी खरे होते. चाकांवर घर म्हटले की चाकांवर घरकामही आलेच. त्याच रात्री ठरले, गाडीत फक्त सकाळचा चहा, दूध आणि पोहे-उपमा. तेही भाऊजी करणार. दुपार-रात्रीचे जेवण बाहेर, सासूबाईंच्या पथ्यापुरती ज्वारीची भाकरी आणि मेथीची भाजी घरून डब्यात. भाऊजींनी होकार दिला, पण पोहे किती वेळ भिजवायचे हे ताईने दोनदा सांगून ठेवले.

आता जायचे कुठे? पाणी हवे, सपाट रस्ता हवा, घाट नको. बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यातला मुकुटमणिपूरचा जलाशय जवळ पडतो. पण मुलांना डॉल्फिन पाहायचे होते, म्हणून ओडिशातले चिलिका ठरले. पुरी, खोर्धा आणि गंजाम या तीन जिल्ह्यांत पसरलेले हे निमखारे सरोवर पावसाळ्यात अकराशे चौरस किलोमीटरच्याही पुढे जाते. 1981 मध्ये रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत भारताची पहिली दोन नावे गेली, एक राजस्थानातले भरतपूरचे केवलादेव आणि दुसरे चिलिका. पुढे गाळाने समुद्राचे तोंड बुजत गेले, पाण्यातला खारेपणा कमी झाला, मासळी घटली, आणि 1993 मध्ये धोक्यातल्या जागांच्या यादीत चिलिकेची नोंद झाली. 2000 च्या सप्टेंबरात समुद्राकडे नवे तोंड उघडल्यावर सरोवर सावरले आणि 2002 मध्ये ते त्या यादीतून बाहेर पडले.

ऋतू मात्र जपून निवडा. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे या किनाऱ्यावर वादळांचे महिने. 2013 च्या ऑक्टोबरात फायलिन वादळ गोपाळपूरपाशी, म्हणजे चिलिकेच्या शेजारीच धडकले होते. मे महिन्याचाही भरवसा नाही, 2019 चे फनी वादळ 3 मे रोजी पुरीजवळ आले. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. परदेशी पक्षी आलेले असतात आणि रात्री गाडीतले वातानुकूलन लावावे लागत नाही. ही दुसरी गोष्ट क्षुल्लक नाही. बॅटरीवर दिवे, पंखा, फ्रिज चालेल, पण वातानुकूलन रात्रभर चालवायचे तर बाहेरून वीज घ्यावी लागते किंवा जनरेटरची घरघर सोसावी लागते. घरात कोणी इन्सुलिन घेत असेल तर फ्रिज बॅटरीवर किती तास चालतो, हे आधीच विचारून ठेवा.

गाडी ठरवायला भाऊजींबरोबर सासूबाईंनाही न्या, असा मी हट्ट धरला, आणि ते फार बरे झाले. पायरी दीड फूट उंच निघाली. त्यांना एकटीने चढता येईना. त्यावर उपाय म्हणून ताईच्या स्वयंपाकघरातले लाकडी स्टूल चार दिवस आमच्याबरोबर फिरले. ‘सहा जणांची झोपायची सोय’ याचा अर्थ दोघे चालकाच्या डोक्यावरच्या माळ्यावर आणि दोघे रात्री उलगडायच्या सोफ्यावर, हेही तिथेच समजले. संडासाजवळचा खालचा बाक सासूबाईंचा, हे न बोलता ठरले. भाड्याच्या गाडीची नंबरपाटी पिवळीच असली पाहिजे. खाजगी गाडी भाड्याने घेऊन परराज्यात निघालात आणि अपघात झाला, तर विम्याचे वांधे होतात. परराज्याचा परवाना, टोल, चालकाचा भत्ता आणि डिझेल भाड्यात धरले आहे की वेगळे, ते कागदावर लिहून घ्या.

आणि उंची मोजा. ही गाडी नऊ-दहा फूट उंच असते. ताईच्या संकुलाच्या फाटकावरची लोखंडी कमान तिला आत येऊ देईना, तेव्हा नाताळच्या सुट्टीतल्या त्या पहाटे पाच वाजता सगळे सामान रस्त्यावर न्यावे लागले. सासूबाई शाल गुंडाळून स्टुलावर बसल्या होत्या, आणि रखवालदार त्यांना विचारत होता, ‘माशिमा, घर बदलताय?’

चिलिकेच्या पश्चिम काठावरचे बारकूल न्यू टाउनहून साडेपाचशे किलोमीटरच्या घरात. ही अवजड गाडी तासाला सरासरी पन्नासच्या वर जात नाही, आणि दर दोन तासांनी थांबायचेच असे आम्ही ठरवले होते. म्हणून पहिला मुक्काम बालेश्वरजवळ चांदीपूरला केला. तिथे ओहोटीला समुद्र काही किलोमीटर मागे सरतो. मुले त्या ओल्या वाळूत खेकड्यांमागे अंधार पडेपर्यंत धावली.

त्याआधी वाटेत जलेश्वरजवळ सुवर्णरेखा नदी लागते. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा याच बाजूने बंगालवर जात. 1742 मध्ये त्यांच्या भीतीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता, आणि 1751 च्या तहानंतर सुवर्णरेखेपर्यंतचा ओडिशा भोसल्यांकडे आला, तो 1803 पर्यंत. बंगाली आया बाळांना अजूनही ‘बर्गी’ येतील म्हणून झोपवतात. ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर! भाच्याला हे शाळेतल्या मित्रांनी ऐकवले होते. सासूबाई पुलावरून म्हणाल्या, ‘आपण नागपूरचे, हे तिकडे सांगू नकोस हो.’

पाण्याचा हिशेब मात्र आमचा पहिल्याच संध्याकाळी चुकला. टाकी शंभर लिटरची होती. मुलांनी चांदीपूरची वाळू धुवायला फवारा सोडून दिला आणि रात्री आठला नळ कोरडा. एका माणसाच्या अंघोळीला एक बादली, म्हणजे पंधरा-वीस लिटर लागतात. सहा जणांच्या अंघोळीतच टाकी संपते, हे गणित बारा वर्षांच्या भाचीलाही जमले असते, पण आम्हा तिघा मोठ्यांपैकी कोणी केलेच नव्हते. तेव्हा माझा सल्ला असा, की मोटारहोम घेतलेत तरी मुक्कामी एक खोली घ्याच. बारकूल, रंभा आणि चांदीपूर येथे ओडिशा पर्यटन विकास महामंडळाची पंथनिवासे आहेत, खाजगी हॉटेलेही आहेत. अंघोळी तिथे होतात, चालकाला रात्रीची नीट झोप मिळते (दिवसभर आपले प्राण त्याच्या हातात असतात), आणि आवारात गाडी उभी करून वीज घेता येते. गाडी तिथे उभी राहील का, वायर किती लांब लागेल, हे आरक्षणाच्या वेळीच विचारा. रस्त्याच्या कडेला किंवा निर्जन काठावर रात्र काढायच्या भानगडीत पडू नका.

एक नाजूक बाब उघडच सांगते. या गाडीतल्या संडासाखाली साधारण वीस लिटरची पेटी असते आणि सहा माणसांत ती दीड-दोन दिवसांत भरते. ती मुक्कामाच्या ठिकाणी परवानगी घेऊन संडासातच रिकामी करायची. काही गाडीवाले सरळ शेतात किंवा पाण्यात सोडतात, असे आमच्या चालकाने सहज सांगितले. चिलिकेच्या मासळीवर दोन लाखांच्या आसपास लोकांचे पोट आहे. भाऊजींनी हातमोजे घालून ते काम स्वतः केले. सासूबाई ओशाळल्या. तेव्हा ते म्हणाले, ‘आई, माझं तू किती वर्षं केलंस!’

सुरक्षिततेचे दोन शब्द. गाडी चालू असताना कोणी बाकावर झोपायचे नाही आणि संडासातही जायचे नाही. गाडी थांबवायची, मगच उठायचे. शेगडीही गाडी उभी असताना, खिडकी उघडून. थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी ठेवली तर तिचा धूर झोपेतच जीव घेतो.

चिलिकेला चारी बाजूंनी गाडीने फेरी मारता येईल, असा मुलांचा समज होता. समुद्राच्या बाजूला वाट पाण्याने तुटते, त्यामुळे तसे होत नाही. बारकूलहून होडीने कालीजाई बेटावरच्या देवीला जाता येते. मकरसंक्रांतीला तिथे मोठी जत्रा भरते, गर्दी नको असेल तर ते दिवस टाळा. टांगीजवळच्या मंगलाजोडी गावी एके काळचे पक्ष्यांचे शिकारीच आता वाटाडे झाले आहेत. बांबूने ढकलायच्या होडीतून ते इतक्या जवळ नेतात, की चक्रवाक, तलवार बदके आणि जांभळ्या पाणकोंबड्या पाहायला दुर्बिणीची गरज भासत नाही. गाडी टांगीला ठेवून आम्ही रिक्षाने गेलो. होडी लहान, म्हणून सासूबाई काठावर राहिल्या. वाटाड्याच्या आईने त्यांना चहा दिला. एकीला ओडिया येत होते, दुसरीला मराठी. दोन तास काय बोलल्या कोण जाणे.

डॉल्फिन पाहायचे तर उलटे फिरून पुरीमार्गे सातपाड्याला जावे लागते. इरावती जातीचे दीडशेच्या आसपास डॉल्फिन या सरोवरात आहेत. चोचीवाले, उंच उड्या मारणारे नव्हेत. बोथट तोंडाचे, लाजाळू. पर्यटकांना खूष करायला काही नावाडी इंजिन जोरात लावून त्यांचा पाठलाग करतात. आम्ही आधीच सांगितले, लांब थांबा, इंजिन बंद करा. जीवरक्षक जाकिटे सासूबाईंसकट सगळ्यांनी घातली. वीस मिनिटे काहीच नाही. भाचा कंटाळून पाण्यात बोट घालायला वाकला, आणि पंधरा-वीस हातांवर करडी पाठ वर आली, फूस्स करून श्वास सोडून खाली गेली. सासूबाईंनी हात जोडले.

खर्चाचे विचाराल, तर साध्या गाडीने जाऊन हॉटेलात राहण्यापेक्षा हा प्रकार महाग पडला. घरात सगळे धडधाकट असतील तर मी तो सुचवणार नाही. महाराष्ट्रातल्या वाचकांना भंडारदऱ्याचा जलाशय यासाठी बरा. महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणारा घाट मात्र अशा गाडीला जड जाईल.

परतताना भद्रकच्या पुढे सासूबाईंनी ताईकडे पाण्याची बाटली मागितली आणि निम्मी रिकामी केली. ताईने माझ्याकडे पाहिले, बोलली काही नाही. परवा तिचा फोन आला. आई भाऊजींना विचारताहेत म्हणे, ही गाडी रामटेकपर्यंत जाते का? अकराशे किलोमीटरच्या वर अंतर. भाऊजी नकाशा घेऊन बसले आहेत.