कंधारची शिल्पे कंधारलाच राहू द्या



नांदेड-लातूर रस्त्यावरच्या गाड्या लोह्याला चहापुरत्या थांबतात आणि पुढे निघतात. तिथून थोडे आत वळले की मन्याडकाठचे कंधार. पण पाहुण्यांसाठीची आपली यादी गुरुद्वारा, माहूर, सहस्रकुंड इथेच संपते. कंधार आठवलेच तर किल्ल्यापुरते, आणि मागणी ठरलेली: रोषणाई करा, बाग करा. जोडीला असेही ऐकू येते की, तिथली शिल्पे मोठ्या शहरातल्या संग्रहालयात हलवावीत. या दोन्हींना माझा विरोध आहे.

खंदकाने वेढलेला हा भुईकोट देखणा आहेच. पण बहमनी, निजामशाही, मोगल, निजाम या राजवटींच्या आधीपासून इथे राष्ट्रकूटांचे नगर नांदत होते. हे राजे अभिमानाने स्वतःला लट्टलूरचे स्वामी म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे आपले लातूर, असे अभ्यासक मानतात. कंधारच्या तळ्याला आजही जगत्तुंग समुद्र म्हणतात, आणि जगत्तुंग हे राष्ट्रकूटांचेच बिरुद. तिसऱ्या कृष्णाच्या (इ.स. 939 ते 967) काळातला संस्कृत शिलालेख इथेच सापडला. मंदिरांना आणि लोकांच्या सोयींसाठी दिलेल्या देणग्या त्यात नोंदवल्या आहेत. क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष तर असे की, नुसते पाऊल पाहिले तरी माणूस थबकतो. हे पाऊल ज्या मातीत उभे होते तिथून उचलून शहरातल्या दालनात ठेवले, तर त्याचा थोरपणा कुणाला कळणार? आणि कंधारच्या पोरांनी आपल्या गावचा इतिहास पाहायला एसटीचे तिकीट का काढावे?

सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे. उघड्यावरचा दगड पावसाने झिजतो, चोरीची भीती असते. पण त्यावरचे उत्तर मराठवाड्यातच आहे. तेरणाकाठचे तेर हे कंधारपेक्षाही लहान गाव. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या प्राचीन वस्तूंचे शासकीय संग्रहालय तिथेच, गावात उभे आहे. जगभरचे अभ्यासक त्यासाठी तेरला येतात. तेरला जमले ते कंधारला का जमू नये?

म्हणून शासनाने रोषणाईआधी किल्ल्याजवळ पक्के संग्रहालय बांधावे, प्रत्येक शिल्पाची छायाचित्रासह नोंद करावी आणि शिलालेखाचा मराठी अर्थ सर्वांना वाचता येईल असा लावावा. तळे, खंदक, मन्याड, हाजी सय्याह दर्गा आणि क्षेत्रपालाचे अवशेष एकाच फेरीत पाहता यावेत, अशी वाट आखावी. माहिती सांगायला गावातल्याच तरुणांना शिकवून पगारी नेमावे. जिल्हा नियोजन समितीने येत्या आराखड्यात यासाठी स्वतंत्र तरतूद करावी, ही विनंती.

— एक वाचक, लोहा (जि. नांदेड)