फी बापाची, मार्क पोराचे



उसाचा पहिला हप्ता बँकेत जमा झाला की त्यातला मोठा वाटा कॉलेजच्या फीला जातो. म्हणून बाप कॉलेजात जाऊन पोराची हजेरी नि मार्क विचारतो आणि खिडकीवरचा कारकून म्हणतो, "मुलालाच घेऊन या." बापाला राग येतो. पैसा आमचा, मग हिशेब आम्हाला का नाही?

राग साहजिक आहे, पण कारकुनाचे अगदीच चुकत नाही. १८७५ च्या कायद्याप्रमाणे वयाची १८ वर्षे पूर्ण झाली की मुलगा-मुलगी सज्ञान. माहिती अधिकार कायद्याखाली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली मान्य केला, तोही परीक्षा देणाऱ्याला; फी भरणाऱ्याला नव्हे.

आपल्याच कारखान्याचे पाहा. १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ३२ नुसार सभासदाला स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहता येतात. उद्या तुमचा सख्खा भाऊ येऊन तुमच्या खात्याचा उतारा मागू लागला, तर चालेल काय? मग सज्ञान पोराला वेगळा न्याय कसा लावायचा?

आणखी एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. मुलाचा विषय राहिला तर बाप चार शिव्या देऊन पुन्हा फी भरतो. मुलीचा राहिला तर कित्येक घरांत लगेच स्थळं बघायला सुरुवात होते. ज्या कागदावरून आपले शिक्षण थांबू शकते, तो कुणाला दाखवायचा हे तिनेच ठरवावे.

पण बापाचीही बाजू आहे. दोन वर्षे फी भरावी आणि मग कळावे की पोरगं पहिल्याच वर्षात अडकलंय, हे कुणाला सोसेल? अमेरिकेत १९७४ साली या प्रश्नावर कायदा झाला. तिथेही कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींवर हक्क त्याचाच. मात्र त्याने लेखी संमती दिली, तर आईबापांना नोंदी दाखवता येतात. प्राप्तिकरासाठी तो आईबापांवर अवलंबून असेल, तर संमतीवाचूनही दाखवण्याची कॉलेजला मुभा आहे, सक्ती नाही.

त्यातली लेखी संमतीची वाट आपल्याकडे सहज घालता येईल. आपल्या भागातील कॉलेजांनी प्रवेश अर्जासोबत एक साधे संमतीपत्र ठेवावे. विद्यार्थ्याने सही केली, तर हजेरी व निकाल पालकांना कळवावा. सही नसेल, तर कळवू नये. सही नाही म्हणून कुणाचा प्रवेशही अडवू नये.

आणि ती सही दमदाटीने घ्यायची नाही. "नापास झालास तरी घराबाहेर काढणार नाही, पण खरं काय ते सांग," एवढे पोराला आधी सांगावे लागेल. पुढचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घरात हे बोलणे व्हावे, ही सर्व सभासदांना विनंती.