उजेडाचीही मात्रा असते

अमेरिकेतला एक अभियंता आपल्या मनःस्थितीच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवत होता. हिवाळा आला की खचायचे, वसंतात उभारी धरायची. १९८०च्या सुमारास त्याच्या नोंदी बेथेस्डाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांपर्यंत पोहोचल्या. प्रखर उजेडाने माणसातले मेलाटोनिन हे रात्री स्रवणारे संप्रेरक दबते, हे आल्फ्रेड ल्युई यांनी तिथे नुकतेच दाखवले होते. मग या रुग्णाला सकाळ-संध्याकाळ प्रखर दिव्यांपुढे बसवले आणि काही दिवसांत गडी सावरला. १९८४मध्ये नॉर्मन रोझेंथाल आणि सहकाऱ्यांनी या हिवाळी नैराश्याचे रीतसर वर्णन केले.

दिव्यापुढे बसून नैराश्य जाते म्हटल्यावर अजूनही लोक हसतात. त्यांनी कॅनडातले रेमंड लॅम यांचे २०१६चे संशोधन पाहावे. बारमाही नैराश्याचे १२२ रुग्ण, आठ आठवडे. दिव्याला खोटी गोळी कुठून आणायची? त्यांनी काहींपुढे उपचाराच्या नावाखाली बंद पाडलेले आयन यंत्र ठेवले. दिवा आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी दोन्ही मिळालेल्यांपैकी सुमारे ५९ टक्के बरे झाले, नुसत्या दिव्याने ४४ टक्के, खोट्या उपचाराने ३०. नुसत्या गोळीने मात्र १९! एवढ्या छोट्या प्रयोगावरून गोळ्या फेकून देणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. पण दिव्याला हसण्याचे दिवस संपले, हे नक्की.

अडचण वेगळीच आहे. हे औषध चिठ्ठीशिवाय, ऑनलाइन, घरपोच मिळते. उजेड लक्समध्ये मोजतात; नेहमीची मात्रा १०,००० लक्स, उठल्यावर अर्धा तास. २,५०० लक्सचा दिवा असेल तर दोन तास. खोक्यावर १०,००० छापलेले असते, पण ते किती अंतरावर? काही दिव्यांपुढे नाक जवळजवळ टेकवावे लागते. हातभर मागे सरकले की आकडा कोसळतो. दिव्याकडे टक लावायची नसते, शेजारी बसून पेपर वाचला तरी चालते. बायपोलर आजारात मात्र याच उजेडाने रुग्ण उन्मादाकडे झुकू शकतो. डोळ्याच्या पडद्याचा विकार असेल तर आधी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

उजेडाचे पेटंट कुणाकडे नाही, म्हणून त्याची महती सांगत दवाखान्यात कुठल्या औषध कंपनीचा एमआरही फिरकत नाही. तेव्हा हे काम मानसोपचारतज्ज्ञांनीच अंगावर घ्यायला हवे. चिठ्ठीवर गोळीच्या नावाखाली दिव्याचे लक्स, अंतर, वेळ आणि मिनिटे लिहावीत, आणि पुढच्या भेटीत गोळीइतक्याच काटेकोरपणे त्यांचीही चौकशी करावी.