दोन अक्ष, एक जाळी

गोंदिया हा भाताचा जिल्हा; आषाढ-श्रावणांतल्या पावसाकडे येथें घराघराचे डोळे लागलेले. आमच्या नातवानें शाळेसाठीं संगणकावर येथील पाऊस व उष्णमान यांचा एकच आलेख काढिला. डाव्या अक्षावर ५०० मिलिमीटरांचे पांच भाग, उजव्यावर ४५ अंशांचे नऊ. आडव्या रेषा मात्र दोहोंच्या! पाहणारा ३०० मिलिमीटरांची रेषा ३० अंशांची समजे. तेथें वस्तुतः २७ अंश होते. आम्ही उजवा अक्ष ५० पर्यंत नेऊन त्याचेही पांचच भाग करविले व त्याच्या रेषा पुसविल्या. एकच जाळी दोहोंस पुरली. दोन्ही वक्र जेथें छेदतात, त्या बिंदूस मात्र कांहींच अर्थ नाहीं; माप बदलतांच तो सरकतो. हें नातवास पटविण्यांत आमचा चहा निवाला.