गोड बोलणारा डॉक्टर की ऐकून घेणारा डॉक्टर?

"डॉक्टर हुशार आहेत हो, पण मान वर करून बघतसुद्धा नाहीत!" ही तक्रार तुम्ही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. ती क्षुल्लक नाही. डॉक्टरांचं वागणं हा नुसता सौजन्याचा प्रश्न नसून उपचाराचाच भाग आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

१९८४ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की रुग्ण बोलायला लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच थांबवतात. "बोलू दिलं तर हे थांबायचेच नाहीत" ही आम्हा डॉक्टरांची भीती. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वित्झर्लंडमध्ये ३३५ रुग्णांना न अडवता बोलू दिलं, तेव्हा सरासरी दीड मिनिटातच त्यांचं सांगून झालं!

ही दोन मिनिटं का महत्त्वाची? कारण नेमकी गोष्ट रुग्ण बऱ्याचदा शेवटी सांगतो. "ॲसिडिटी होते" इथेच थांबवलं, तर "जिना चढताना छातीत भरून येतं" हे राहूनच जातं, आणि दुखणं हृदयाचं असू शकतं. तसंच, बीपीची गोळी बरं वाटल्यावरही का घ्यायची, हे समजावलं नाही तर रुग्ण ती परस्पर बंद करतो.

आपल्याकडच्या ओपीडीतली गर्दी मला मान्य आहे. पण तेवढ्याच वेळात नावाने हाक मारणं, नजरेला नजर देणं, तपासताना "आता पोट दाबून बघतो" असं सांगणं जमतं. त्याला पैसे लागत नाहीत.

आता दुसरी बाजू. रुग्णाचं समाधान म्हणजे चांगले उपचार असं समीकरण मांडू नका. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक चालत नाही. ते न देणारा डॉक्टर तुम्हाला रुक्ष वाटेल आणि थकवा आला म्हणून हसत हसत सलाईन लावणारा देवमाणूस! प्रत्यक्षात पहिल्याने तुमचं हित पाहिलेलं असतं. मात्र "गरज नाही" एवढंच सांगून न थांबता, का नाही, हेही त्याने सांगायला हवं.

म्हणून डॉक्टर पारखताना तो गोड बोलतो का, यापेक्षा ऐकतो का आणि समजावतो का, हे बघा. तुमच्याकडूनही थोडी मदत करा:

• सगळ्यात त्रासदायक तक्रार आधी सांगा.
• चालू असलेली सगळी औषधं सोबत न्या.
• उठण्याआधी तीन प्रश्न विचारा: मला काय झालंय? औषध किती दिवस घ्यायचं? कोणता त्रास झाला तर लगेच यायचं?

हे विचारताना संकोचू नका. तो तुमचा हक्क आहे. आणि प्रश्न विचारल्यावर डॉक्टर दरवेळी चिडतच असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला काहीच हरकत नाही.