दहाव्या दिवसाचा ताप

रात्री संगमेश्वर रोड स्थानकात तुतारी एक्स्प्रेसची वाट पाहणाऱ्यांत फायलींची पिशवी छातीशी धरून बसलेले एखादे जोडपे अनेकदा दिसते. सकाळी दादर, तिथून परळचे टाटा रुग्णालय, दिवसभर रक्ततपासणी आणि केमो, मध्यरात्री परतीची गाडी. या प्रवासाला रेल्वेची सवलत चांगली आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत भाडे माफ, सोबत्याला 75 टक्के सूट. त्यासाठीचा दाखला पहिल्याच भेटीत रुग्णालयाकडे मागावा, कुणी आपणहून देईल याची वाट पाहू नये.

जाण्यायेण्याची काळजी सगळे घर करते. तयारी नसते ती आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या रात्रीची.

केमोची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. त्यात अस्थिमज्जेतल्या पेशीही सापडतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. अनेक औषधांत सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या तळाला जातात. तेव्हा जंतुसंसर्ग झाला तर पू होत नाही, सूजही फारशी दिसत नाही. दिसतो तो फक्त ताप. 100.4 अंश फॅरनहाइट हा आकडा इतरांना किरकोळ वाटेल, पण या रुग्णासाठी तो तातडीचा प्रसंग असतो. प्रतिजैविकाचा पहिला डोस रुग्णालयात पोचल्यावर तासाभरात मिळायला हवा, असे वैद्यकशास्त्र सांगते.

संगमेश्वरहून परळ सुमारे तीनशे किलोमीटर. तासाभराचा हिशेब तिथेच संपतो. त्यात कोकणातला पावसाळा. ताप म्हणजे सर्दी, फार तर डेंग्यू किंवा लेप्टो असे समजून पॅरासिटामॉल दिली जाते. ताप उतरतो, संसर्ग मात्र आत वाढत राहतो. सकाळी बघू म्हणणारे घर निष्काळजी नसते. त्याला कुणी नीट सांगितलेलेच नसते.

म्हणून दोन गोष्टी व्हायला हव्यात. केमो देणाऱ्या रुग्णालयाने घरी पाठवताना मराठीत एक पानाचा कागद द्यावा : कोणते औषध कधी दिले, ताप आल्यास कोणते प्रतिजैविक, कुणाला फोन. आणि तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयाने तो कागद बघून रक्त तपासावे, सलाईन लावून पहिला डोस द्यावा. मग पुढे पाठवावे. ‘ही मुंबईची केस, तिकडेच न्या’ हे उत्तर त्या रात्री जिवावर बेतू शकते. एका डोसासाठी कर्करोगतज्ज्ञ लागत नाही.

सावर्ड्याजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात, टाटा रुग्णालयाशी त्यांचे सहकार्यही आहे. पुढच्या काही फेऱ्या तिथे घेता येतील का, हे परळच्या डॉक्टरांना विचारायला संकोच नको. 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. रत्नागिरीत ती प्रत्यक्षात येईल तेव्हा तापाच्या रात्रीची सोय तिच्यात धरलेली असावी. केमो दिवसा देता येते, ताप वेळ पाहून येत नाही.

राहिला गणपतीचा प्रश्न. मुंबईत उपचार घेणाऱ्याने गावी यावे का? फेरी तीन आठवड्यांची असेल तर तिसरा आठवडा बहुधा बरा, रक्ततपासणी करून डॉक्टरांना विचारून निघावे. गर्दीचा डबा टाळावा. पिशवीत थर्मामीटर आणि तो एक पानाचा कागद असावा.