विश्लेषण : लिनक्सला वेळ पाळायला २० वर्षे का लागली?

‘प्रीएम्प्ट-आरटी’ ही सुविधा सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ आवृत्तीपासून ती सर्वांना उपलब्ध आहे. तिचे महत्त्व काय?

रिअल-टाइम म्हणजे वेगवान?

नाही. कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा, हे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा असलेला कर्नल ठरवतो. मोबाइलवर व्हिडीओ क्षणभर अडकला तर वैताग येतो, इतकेच. पण कारखान्यातील रोबोला ‘थांब’ हा आदेश उशिरा मिळाला तर अपघात होऊ शकतो. तेथे सरासरी वेग उपयोगाचा नाही. जास्तीत जास्त उशीर किती होईल, याची खात्री लागते.

उशीर कुठे होतो?

सेन्सर किंवा नेटवर्क कार्ड ‘इंटरप्ट’ पाठवून प्रोसेसरचे लक्ष वेधते. मात्र कर्नलने एखाद्या नाजूक कामासाठी ‘स्पिनलॉक’ हे कुलूप लावले असेल, तर त्या प्रोसेसरवर तातडीचे कामही ताटकळते.

उपाय काय?

प्रीएम्प्ट-आरटीमध्ये बहुतेक स्पिनलॉकच्या जागी मध्येच थांबवता येणारी कुलपे आली. इंटरप्टची बहुतांश कामे स्वतंत्र थ्रेडमध्ये गेली, त्यामुळे त्यांचा प्राधान्यक्रम लावता येतो. शिवाय तातडीचे काम ज्या कुलपासाठी अडले आहे, ते धरून बसलेल्या दुय्यम कामाला तात्पुरते वरचे प्राधान्य मिळते. १९९७ मध्ये मंगळावर ‘पाथफाइंडर’चा संगणक वारंवार रीसेट होत होता, तो अशाच अडवणुकीमुळे. त्यावर लिनक्स नव्हे, ‘व्हीएक्सवर्क्स’ प्रणाली होती. तिच्यातील हीच सोय पृथ्वीवरून सुरू करून दोष दूर करण्यात आला.

इतकी वर्षे का लागली?

इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आदींचे हे काम २००४ च्या सुमारास सुरू झाले. कुलपांची पद्धत बदलणे म्हणजे कर्नलचा कानाकोपरा तपासणे. टप्प्याटप्प्याने बदल स्वीकारले गेले. कर्नलचे संदेश नोंदवणारा ‘प्रिंटके’ हा भाग शेवटपर्यंत अडून राहिला. तोवर उद्योगांना प्रत्येक नव्या आवृत्तीसाठी वेगळा पॅच जोडावा लागे.

आता काय बदलेल?

घरचा संगणक वेगवान होणार नाही. उलट एकूण कामाचा उरक थोडा घटू शकतो. म्हणूनच ही सुविधा आपोआप सुरू नसते, कर्नल तयार करताना निवडावी लागते. खरा लाभ रोबो, सीएनसी यंत्रे आणि ध्वनिमुद्रण उपकरणे बनवणाऱ्यांचा. मात्र सदोष ड्रायव्हर किंवा फर्मवेअरमुळे आजही उशीर होऊ शकतो. त्यामुळे प्रत्यक्ष यंत्रावरील चाचणी कुणालाच चुकलेली नाही.